दिवाळीचा किल्ला की आभाळातला गड? नवशिक्याच्या थ्रीडी फँटसी चित्रावर अभिप्राय कसा द्यावा

रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. आभाळात तरंगणारा खडक, त्यावर किल्ला, कड्यावरून कोसळणारा धबधबा, मागे परातीएवढा चंद्र आणि बुरुजाभोवती घिरट्या घालणारा ड्रॅगन. खाली एक ओळ: "काका, ब्लेंडरमध्ये पहिल्यांदाच पूर्ण सीन केलाय. खरं खरं सांगा." पाठवणारी माझी पुतणी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर ती तीन महिने यूट्यूबवर बघून बघून शिकली होती.

अशा वेळी आपल्या तोंडून एक तर "भारी! एक नंबर!" निघतं, नाही तर चुकांची यादी. पहिल्याने तिच्या हाती काही लागत नाही आणि दुसऱ्याने ती पुढचं चित्र दाखवत नाही. मी शिकत होतो तेव्हा क्लासमधल्या सरांनी माझ्या रेंडरकडे (सीनवरून संगणकाने काढलेल्या तयार चित्राकडे) बघून "लायटिंग जमलं नाही" एवढंच म्हटलं आणि ते पुढच्या मुलाकडे वळले. चार दिवस मी दिवे इकडचे तिकडे करत बसलो. दोष मटेरियलमध्ये, म्हणजे पृष्ठभागाला दिलेल्या रंग-पोतात होता. सगळ्या भिंतींना मी जवळजवळ काळा रंग दिला होता, त्यामुळे कितीही उजेड टाकला तरी त्या तो गिळत होत्या. सरांनी लक्षण बरोबर ओळखलं होतं, फक्त मुळापर्यंत ते गेले नाहीत.

नवशिक्याच्या चित्रात दहा-पंधरा दोष सहज दिसतात, आणि त्यातले बरेचसे एकाच चुकीची पिल्लं असतात. ती चूक शोधणं हे बघणाऱ्याचं काम. ते कसं करायचं, ते याच चित्राच्या आधाराने सांगतो.

पायरी १: चित्र नीट मागवा आणि तीन प्रश्न विचारा

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं. आकाशात पट्टे पडतात, बारीक पोत पुसला जातो. एकदा मी एका मुलाला आकाशातल्या पट्ट्यांवर लांबलचक व्याख्यान दिलं होतं. त्याच्या मूळ फाइलमध्ये पट्टे नव्हतेच. तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "पीएनजी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव."

मग तीन प्रश्न. यात काय घडतंय? कोणत्या मशिनवर केलंस, रेंडरला किती वेळ लागला? तुला स्वतःला कुठे खटकतंय?

तिची उत्तरं अशी आली. ड्रॅगन गडाची राखण करतो, आणि गड अवाढव्य वाटायला हवा. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एका रेंडरला तीन तास वीस मिनिटं लागली. आणि तिसरं: "काहीतरी खेळण्यासारखं दिसतंय, पण का ते कळत नाही."

तिसऱ्या उत्तरात निम्मं निदान होतं. शिकणाऱ्याची नजर बहुतेक वेळा हाताच्या पुढे धावत असते. खटकतं, पण त्याला नाव देता येत नाही. आपण ते नाव पुरवायचं. दुसऱ्या प्रश्नाचाही उपयोग असतो. तीन तासांचं रेंडर करणाऱ्या मुलीला "सॅम्पल वाढव" (प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणखी जास्त वेळा मोजायला लाव) म्हणणं म्हणजे तिचा लॅपटॉप रात्रभर तापत ठेवायला सांगणं.

हल्ली आणखी एक चौकशी करावी लागते. २०२२ पासून शब्द टाइप करून चित्र काढून देणारी साधनं सर्रास झाली आहेत. चित्र त्या वाटेने आलं असेल तर बोलायचं ते निवडीबद्दल, सूचनेतल्या शब्दांबद्दल आणि नंतरच्या हाताच्या कामाबद्दल. पण हे "कसं केलंस?" अशा साध्या शब्दांत विचारा. तीन महिने एकेक दगड बसवणाऱ्या मुलीला "एआय आहे का?" हा पहिलाच प्रश्न फार लागतो.

पायरी २: दहा मिनिटं गप्प बसून बघा

लिहायला घेण्याआधी मी चित्राला चार प्रकारे बघतो. सगळे मोबाइलवर होतात.

आधी नखाएवढं लहान करून. तेवढ्यात काय आहे ते कळलं तर रचना धड आहे. मग रंग काढून, म्हणजे फोटो एडिटरमध्ये सॅच्युरेशन शून्यावर नेऊन. इथे पुतणीच्या चित्राची पहिली गोम सापडली: रंगात ड्रॅगन लाल आणि आकाश जांभळं असल्यामुळे तो उठून दिसत होता, पण करड्यात दोघं एकाच उजेडाचे. ड्रॅगन आकाशात विरघळून गेला. मग आडवं उलटवून, कारण सरावलेल्या डोळ्याला न दिसणारा तोल उलट्या चित्रात दिसतो. आणि शेवटी डोळे मिटून उघडायचे आणि नजर आधी कुठे जाते ते टिपायचं. माझी गेली चंद्रावर. तिच्या मते चित्राचा नायक गड होता.

सापडलेलं सगळं स्वतःपुरतं कागदावर उतरवा. माझ्या यादीत अकरा मुद्दे झाले. ही यादी पाठवायची नसते.

पायरी ३: यादीतून मूळ शोधा

अकरातले पाच असे होते: गड लहान वाटतो, मागचे डोंगर धूसर (फोकसबाहेर गेल्यासारखे), दरवाजा किती उंच ते कळत नाही, खडकाचा पोत गडाच्या मानाने ढोबळ, हवा असल्याचं जाणवत नाही. पाच वेगळे मुद्दे, पाच वेगळे उपाय सुचतात. पण मला ते चित्र बघून दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला आठवला आणि पाचही एका ओळीत बसले.

दिवाळीच्या किल्ल्याचा फोटो आपण उभ्याने, वरून काढतो. किल्ला दोन-तीन फुटांवर असतो, म्हणून मागची भिंत धूसर येते. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, त्यामुळे दरवाज्याचं माप कुणी बघतच नाही. मातीचा कण भिंतीच्या मानाने मोठा दिसतो. आणि एवढ्याशा अंतरात हवेचा थर तो कितीसा! पुतणीने नकळत तोच फोटो काढला होता.

हे ब्लेंडरमध्ये कसं घडतं ते बघा. नवी फाइल उघडली की जो ठोकळा समोर येतो त्याची बाजू २ मीटर असते. तिने त्यावरूनच अंदाजाने तटबंदी चढवत नेली, आणि अख्खा गड भरला ६ मीटर उंच. कॅमेरा वरच्या बाजूला, १० मीटरवर. त्यात डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढचं-मागचं धूसर करणारी सोय) चालू केलं, एफ-स्टॉप (लेन्सचं तोंड किती उघडं याचा आकडा) होता तोच २.८. खऱ्या कॅमेऱ्यात ५० मिमीची लेन्स आणि एफ २.८ असताना साधारण ३० मीटरवर फोकस केलं, तर १५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे कोसभर लांबच्या गडामागचा डोंगर अशा लेन्सने धूसर होऊच शकत नाही. धूसर दिसला की डोळा म्हणतो, ही वस्तू हाताच्या अंतरावर आहे. तंत्र कुणी शिकवलेलं नसलं तरी डोळ्याला हे ठाऊक असतं.

इथे एक चुकीचा सल्ला फार दिला जातो: "सगळं पन्नास पट मोठं कर." सीन आणि कॅमेरा दोन्ही पन्नास पट केले तर दृश्य कोन तोच राहतो आणि चित्र जवळपास तसंच येतं. धूसरपणा कमी होईल एवढंच. उलट दिवे मंदावतील, कारण अंतर पन्नास पट झालं की साध्या पॉइंट लाइटचा (बल्बसारखा एका ठिपक्यातून चहूकडे पसरणाऱ्या दिव्याचा) उजेड अडीच हजारावा हिस्सा उरतो. नवशिकी मुलगी त्यात आणखी दोन दिवस घालवेल.

स्वस्त उपाय असे. डेप्थ ऑफ फील्ड बंद. कॅमेरा गडाच्या पायाखाली आणून वर बघणारा. दरवाज्याशी एक माणूस. बारकावे गरजेचे नाहीत, मेणबत्तीसारखा उभा आकार चालेल, पण गड ३०० मीटरचा वाटायला हवा असेल तर तो गडाच्या उंचीच्या पावणेदोनशेव्या हिश्शाएवढा असला पाहिजे. तसाच एक जिना, कारण पायरीची उंची आपल्या गुडघ्याला पाठ असते. १५ ते १८ सेंटिमीटर. पायऱ्या मोजता आल्या की भिंत आपोआप चढते. आणि मागे मिस्टचा, म्हणजे धुक्याचा थर, लांबचा डोंगर जवळच्यापेक्षा फिका आणि निळसर. सकाळी राजगडावरून तोरण्याकडे बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ४: उजेड एकेक करून तपासा

दुसरं मूळ इथे होतं. चंद्र गडाच्या मागे, तरी गडाच्या पुढच्या भिंती लख्ख. असं दिसलं की मी विचारतो, "फाइल उघडल्यावर जो लाइट आपोआप येतो, तो काढलास का?" नवीन फाइलमध्ये १००० वॉटचा एक पॉइंट लाइट आधीपासून असतो, आणि नवशिके तो विसरतात. तिनेही ठेवला होता.

उजेडावर बोलताना "कमी-जास्त" हे शब्द टाळा आणि दिशा विचारा. उपाय एकच: सगळे दिवे बंद करायचे, मग एकेक चालू करून प्रत्येकाचं छोटं रेंडर काढायचं. रिझोल्यूशन ५० टक्के ठेवलं की पिक्सेल चौथ्या हिश्शावर येतात, तीन तास वीस मिनिटांचं काम साधारण पन्नास मिनिटांत होतं. नुसता दरवाजा बघायचा असेल तर कॅमेऱ्यातून बघताना कंट्रोल-बी दाबून तेवढा चौकोन आखायचा. एखादा दिवा काय करतो हे सांगता येत नसेल तर तो नको.

चंद्राबद्दल मी थोडा अडखळलो. खरा चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. ५० मिमीच्या लेन्सने १९२० पिक्सेल रुंद चित्रात तो २३-२४ पिक्सेलचा ठिपका होईल. तिचा चंद्र साडेसहाशे पिक्सेलचा होता. पण ही फँटसी आहे, चंद्र मोठा असणं ही चूक नव्हे. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. चंद्र पूर्ण गोल, आणि त्याच्याच मागे क्षितिजावर मावळतीची लाली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कोजागरीला तो पूर्वेला उगवतो तेव्हा लाली पश्चिमेला, आपल्या पाठीशी असते. हे चूक म्हणून न सांगता प्रश्न म्हणून विचारायचं ठरवलं: "हे मुद्दाम आहे का?" फँटसीत हा शब्दप्रयोग फार कामाला येतो.

आग असेल तर रंगाचं एक गणित देता येतं. उजेडाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात मोजतात: मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. ब्लेंडरच्या ब्लॅकबॉडी नोडमध्ये (तापमानावरून रंग देणाऱ्या चौकटीत) हा आकडा टाकला की मशालीचा तांबूसपणा स्वतः कालवावा लागत नाही. आणि आगीचा गाभा सपाट पिवळा पडला असेल तर कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (सीनमधला उजेड पडद्यावरच्या रंगांत बसवण्याची पद्धत) "स्टँडर्ड" आहे का ते बघायला सांगा. ब्लेंडर ४.० पासून तिथे एजीएक्स आपोआप असतं, पण जुन्या व्हिडिओंबरोबर चालणारी मुलं ते बदलून बसतात.

पायरी ५: खडक, पाणी, पंख: संदर्भ दाखवा

तिचा तरंगता खडक बटाटा होता. हे मी तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. गोल गोळ्याला नॉइज टेक्स्चरने, म्हणजे गणिताने तयार होणाऱ्या वेड्यावाकड्या नक्षीने, उंचवटे दिले की बटाटाच होतो, कारण उंचवटे सगळीकडे एकाच मापाचे असतात. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८५ साली हे गणित प्रसिद्ध केलं आणि संगणकातल्या दगड-ढग-धुराचा चेहरा बदलला. पण नॉइज मसाल्यासारखा शेवटी घालायचा. भाजी आधी लागते.

भाजी घराजवळच आहे. सह्याद्रीचा कडा थरांचा असतो: काळा उभा पट्टा, मग गवताची पायरी, पुन्हा पट्टा. लाव्हा थरावर थर साचला त्याची ही खूण. दख्खनच्या या लाव्हाथरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला "ट्रॅप" हा स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून आला आहे. "तुझ्या ट्रेकच्या फोटोतला कोणताही कडा घे, आडव्या चार रेघा ओढ आणि खडक तिथे काप," एवढं सांगितलं की काम होतं. दिशा दिली, मॉडेल आपण करून दिलं नाही.

धबधब्याचं तसंच. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी नळासारखं सलग खाली येत नाही, त्याचे तुषार होतात. पुतणी मागच्या पावसाळ्यात नाणेघाटात जाऊन आली होती. तिथे दरीतून वर येणारा वारा पाणी उलटं उडवतो. ज्याच्या खाली नुसती हवा आहे अशा तरंगत्या गडाला याहून चांगला धबधबा कुठला?

ड्रॅगनच्या पाठीला पंख कापडासारखे चिकटवलेले होते. "शरीररचना चुकली" म्हणायचं नाही. तिला वटवाघळाचे फोटो पाठवले: पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. बोटांची हाडं कुठे वाकतात ते दिसलं की पंख कसा मिटेल तेही कळतं. मला स्वतःला तिथे शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, बघायला आवडला असता. आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो कोरलेला आहे, आणि गडाची राखण हे त्याचंच काम. पण तो माझा हट्ट, अभिप्रायात त्याला जागा नाही. तिला ड्रॅगन हवा होता.

पायरी ६: आत्ता बोलायचं नाही ते बाजूला काढा

भिंतींच्या कडा सुरीसारख्या धारदार आहेत, बेव्हल (कडांना किंचित गोलाई) हवा. दगडाचं टेक्स्चर तिसऱ्या बुरुजावर पुन्हा तेच येतं. सावलीत पांढरे ठिपके आहेत, ज्यांना ब्लेंडरवाले काजवे म्हणतात. डिनॉइझरने (रेंडरमधले ठिपके पुसणाऱ्या सोयीने) गवताचा चिखल केलाय. सगळं खरं, पण कॅमेरा हलला की यातलं निम्मं फ्रेमबाहेर जाईल. मी हे पुढच्या फेरीसाठी ठेवतो.

पायरी ७: आता लिहा

काय चांगलं आहे ते आधी सांगायचं, पण नेमकं. "छान आहे" हे तिच्या आजीनेही सांगितलं असेल. मग मुळं दोन, फार तर तीन. प्रत्येकाबरोबर आज रात्री करता येईल अशी एक कृती. "चुकलंय" ऐवजी "मला असं दिसतंय". "मी असतो तर" हे वाक्य तर गाळाच. मी पाठवलं ते असं:

"धबधब्याची कड आणि तटबंदी एका तिरक्या रेषेत आणलीस, नजर तिथून वर चढते. ती रेषा हलवू नकोस. गड खेळण्यासारखा वाटतो म्हणालीस, ते बरोबर आहे. मला तो दिवाळीच्या किल्ल्यासारखा, वरून बघितलेला दिसतोय. डेप्थ ऑफ फील्ड बंद कर, कॅमेरा पायथ्याशी आण, दरवाज्यात एक माणूस आणि एक जिना ठेव. फक्त एवढं करून ५० टक्क्यांवर रेंडर काढ. दुसरं: चंद्र मागे आहे, मग पुढच्या भिंतीवर उजेड कुठून येतोय? सुरुवातीचा लाइट राहिलाय का बघ. तो घालवून गड काळा पडू दे, खिडक्यांत मशाली लाव. आणि एक प्रश्न: पौर्णिमेचा चंद्र आणि मावळतीची लाली एकाच बाजूला आहे, हे मुद्दाम आहे का? खडकासाठी तुझे ट्रेकचे फोटो बघ, घाई नाही."

ड्रॅगन करड्यात हरवतो हे मी लिहिलं नाही. गड काळा पडला आणि चंद्र ड्रॅगनच्या मागे आला तर ते आपोआप सुटणार होतं.

पायरी ८: दुसरं चित्र आलं की

जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघा, आणि काय बदललं ते आधी बोला. नवे दोष काढायची घाई करू नका. तिने तुमचं ऐकलं नसेल तर रागावण्याआधी कारण विचारा.

चार दिवसांनी दुसरं रेंडर आलं. कॅमेरा खाली, जिना चक्क मोजता येण्याजोगा, दरवाज्यासमोर मशाल घेतलेला मावळा. गड मोठा झाला होता. पण पुढची भिंत तशीच लख्ख, आणि चंद्रामागे लालीही तशीच.

"काका, मुद्दाम आहे. त्या जगात दोन सूर्य आहेत. एक मागे मावळतोय, दुसरा कॅमेऱ्याच्या मागे आहे. म्हणून चंद्र पूर्ण दिसतो आणि भिंतीवर उजेड आहे."

गड काळा करायचा माझा सल्ला तिने बाजूला ठेवला होता, आणि तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मग मी एवढंच विचारलं: दुसरा सूर्यही मावळतीला आला असेल तर भिंत तांबूस का नाही, आणि मावळ्याची सावली कुठे आहे?

तिसऱ्या रेंडरमध्ये ती आली. लांबच लांब, जिन्याच्या पायऱ्यांवर मोडत मोडत थेट दरवाज्याच्या फळीपर्यंत.